पोपटाची पोथी, दोनदा रंगवलेली : क्लीव्हलंडच्या तूतीनाम्याचे प्रकरण

1962 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या कलासंग्रहालयाला एक फारसी हस्तलिखित भेट मिळाले. पान जेमतेम 20 सेंटीमीटर उंच, म्हणजे शाळेच्या वहीएवढे. पाने तीनशेच्या वर आणि चित्रे दोनशेच्या वर. मजकूर जाणकारांच्या ओळखीचा होता : झियाउद्दीन नख्शबीचा 'तूतीनामा', पोपटाने सांगितलेल्या बावन्न रात्रींच्या गोष्टी. चित्रांनी मात्र गोंधळ घातला. काही पानांवरची माणसे, खडक, झाडे पाहून 'ही अकबराच्या चित्रशाळेतली' असे सहज म्हणता येत होते. पण दोन-चार पाने उलटली की मोगल येण्याआधीच्या उत्तर हिंदुस्थानातल्या पोथ्यांची आठवण व्हावी अशी चित्रे समोर येत. टपोऱ्या डोळ्यांचे बाजूने दिसणारे चेहरे, मागे सपाट लाल रंग, अंगापासून ताठ सुटलेल्या ओढण्या. आणि हे सगळे एकाच जिल्दीत, एकाच गोष्टीच्या चित्रांत.

ही पोथी कुणी रंगवली आणि कधी, हे प्रश्न लगेच विचारले गेले. किती वेळा रंगवली, हा प्रश्न नीट मांडला जायला मात्र तीस वर्षे गेली. मोगल चित्रकलेचा जन्म कुठे आणि कसा झाला याबद्दल आपण जे बोलतो, त्याचा बराच भाग या एका पोथीच्या आधारावर उभा आहे. त्यामुळे हे प्रकरण सविस्तर मांडायला हवे.

आधी गोष्ट

मूळ सांगाडा संस्कृत 'शुकसप्तती'चा. नवरा परदेशी गेलेला, बायकोचे मन दुसऱ्या पुरुषाकडे ओढ घेतेय, आणि घरातला पोपट रोज रात्री एक गोष्ट सुरू करून तिला उंबऱ्याच्या आत थोपवून धरतोय. मराठीत ही कथामाला 'शुकबहात्तरी' या नावाने जुन्या गद्यात आहे. 1897 साली रिखार्ड श्मिट या जर्मन पंडिताने ती मराठी संहिता जर्मन भाषांतरासह छापली. आपल्याकडच्या किती वाचकांनी ती उघडली असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

फारसीत ही कथा नख्शबीच्या आधीच पोहोचली होती. पण ते रूपांतर फार पाल्हाळिक, शब्दबंबाळ होते. तेव्हा कुणा आश्रयदात्याने नख्शबीला सांगितले की हे नीट कर. नख्शबी मूळचा आजच्या उझबेकिस्तानातल्या नख्शबचा, पण आयुष्य गेले उत्तर हिंदुस्थानातल्या बदायूंमध्ये. 1330 च्या सुमारास त्याने पुस्तक हातावेगळे केले. म्हणजे मुहम्मद तुघलक दिल्लीची माणसे आपल्या दौलताबादेला हलवत होता, तो काळ. नख्शबीने पाल्हाळ छाटला, त्याला न आवडलेल्या गोष्टी काढून दुसऱ्या घातल्या, रात्री बावन्नवर आणल्या आणि मध्येमध्ये स्वतःचे पद्य पेरले. आधीचे पुस्तक फेकून न देता त्याच्यावरच नवे चढवले. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नख्शबीचा व्यापारी मैमून, त्याची बायको खुजिस्ता. मैमून बाजारात पोपटाची किंमत ऐकतो आणि हसतो : मूठभर पिसांना इतक्या मोहरा? पोपट त्याला हळूच सांगतो की तीन दिवसांत अमुक सुगंधी द्रव्य शोधत एक काफिला गावात येणार आहे, तेवढा सगळा माल आजच उचलून ठेव. मैमून ठेवतो, नफा कमावतो, पोपट घरी आणतो आणि त्याला सोबत म्हणून एक मैनाही. पुढे तो समुद्रावर जातो. खुजिस्ता एका राजपुत्राच्या प्रेमात पडते आणि भेटीला निघण्याआधी मैनेचा सल्ला घेते. मैना सरळ मनाची, ती 'जाऊ नकोस' म्हणते. खुजिस्ता तिला जागीच ठार करते. मग ती पोपटाकडे वळते. पोपटाने सगळे डोळ्यांनी पाहिलेले. तो म्हणतो, जा ना, जरूर जा, फक्त अमक्या बाईसारखे तुझे होऊ नये म्हणजे झाले. कुठली बाई, असे ती विचारते, आणि रात्र संपते.

पोपट गोष्ट सांगतो ती जीव वाचवायला, नीती शिकवायला नाही. त्या गोष्टींत पंचतंत्रातल्या कितीतरी ओळखीच्या चिजा येतात. वाघाचे कातडे पांघरून शेतात चरणारे आणि रेकल्यावर पकडले जाणारे गाढव इथेही आहे, एकतिसाव्या रात्री. सुतार, सोनार, शिंपी आणि साधू यांनी मिळून घडवलेली लाकडाची स्त्री आणि तिच्यावरून त्यांचे भांडण हेही आहे. त्या भांडणाचा निवाडा एक झाड करते. खोड दुभंगते आणि ती बाई आत जाते, कुणालाच मिळत नाही.

शेवट मात्र रूपांतराबरोबर बदलतो. संस्कृतात परतलेला नवरा पोपटाच्या रदबदलीने बायकोला क्षमा करतो. सतराव्या शतकात मुहम्मद कादिरीने नख्शबीचा 35 गोष्टींचा सुटसुटीत संक्षेप केला, तो सगळ्यात जास्त पसरला, आणि त्यात मैमून खुजिस्ताला मारून टाकतो. बायकांच्या चतुराईच्या इतक्या गोष्टी खुशीत ऐकवून झाल्यावर हा शेवट मला तरी उपरा, ठोकून बसवलेला वाटतो. पण तो लोकांना चालला, एवढे खरे.

1963 : मुंबईच्या वाटेने

या पोथीवरचा पहिला मोठा लेख 1963 साली आला. लिहिणारे दोघे : क्लीव्हलंड संग्रहालयाचे संचालक शर्मन ली आणि प्रमोद चंद्र. प्रमोद चंद्र तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होते. त्यांचे वडील डॉ. मोतीचंद्र याच संग्रहालयाचे संचालक. पुढे प्रमोद चंद्र शिकागोला आणि मग हार्वर्डला गेले. पण तूतीनाम्याकडे पाहणारी त्यांची नजर घडली ती मुंबईत, आणि त्याला कारण होते.

मुंबईत त्या काळी उत्तर हिंदुस्थानातल्या मोगलपूर्व चित्रांचे दोन अस्सल पुरावे हाताशी होते. एक, संग्रहालयातली 'लौर-चंदा'ची पाने. मौलाना दाऊद याने 1379 साली अवधीत रचलेल्या 'चंदायन' या प्रेमाख्यानाची ही चित्रे, बहुतेक सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. फिके गुलाबी, निळे रंग, बारीक वेलबुट्टी, फारसी लिपीत लिहिलेली देशी भाषा. दुसरा पुरावा टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत : महाभारताच्या आरण्यक पर्वाची 1516 साली आग्र्याजवळ लिहिलेली सचित्र पोथी. तीवर तारीख आहे आणि स्थळ आहे, म्हणून तिचे मोल फार. कार्ल खंडालावाला आणि मोतीचंद्र यांनी या सामग्रीच्या जोरावर 1969 साली मोगलपूर्व चित्रकलेची मांडणीच नव्याने केली.

त्याआधीचा रूढ समज सोपा होता. हुमायून इराणात परागंदा झाला, शाह तहमास्पच्या दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन कसबी चित्रकार त्याला येऊन मिळाले, 1555 मध्ये त्याच्याबरोबर दिल्लीला आले. 1556 च्या जानेवारीत हुमायून ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला, तेरा वर्षांचा अकबर गादीवर बसला आणि या दोन उस्तादांनी इथल्या चित्रकारांना इराणी कलम शिकवले. म्हणजे मोगल चित्रकला हे इराणी रोपाचे हिंदुस्थानी कुंडीतले फूल. मुंबईच्या मंडळींना हे पटत नव्हते, आणि न पटण्यात थोडा स्वातंत्र्योत्तर काळाचा उत्साहही होता. पण त्यांच्याकडे उत्साहापेक्षा जास्त काही होते. लौर-चंदा डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला क्लीव्हलंडची पोथी उघडताच तिथल्या बायका ओळखीच्या वाटणारच. ली आणि चंद्र यांच्या लेखाचा रोखही तोच होता : हिंदुस्थानी पोथीचित्रांची परंपरा तुटली नव्हती, ती अकबराच्या चित्रशाळेत चालत गेली.

1976 साली प्रमोद चंद्र यांनी या पोथीवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राट्समधून तिची हुबेहूब प्रतही छापली गेली. चंद्र यांचे म्हणणे थोडक्यात असे. पोथी साधारण 1560 ते 1565 मधली. अकबराची चित्रशाळा नुकती उभी राहतेय. ठिकठिकाणचे चित्रकार भरती होताहेत : कुणी पश्चिम हिंदुस्थानातल्या जैन पोथ्यांच्या वळणाचा, कुणी लौर-चंदाच्या, कुणी आणखी कुठला. प्रत्येक जण आपापला हात घेऊन आलाय. इराणी उस्ताद दाखवताहेत, हे शिकताहेत. म्हणून काही चित्रे अजून पूर्ण जुन्या वळणाची, काही अर्ध्यावर आलेली, काही तयार मोगल. चित्रशाळेचे पहिले वर्गच जणू जिल्दबंद होऊन आपल्यापर्यंत आले.

याला आधार होता. पानांवर चित्रकारांची नावे आहेत, त्यांत बसावन आणि दसवंत. पुढे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल याने ज्यांची तोंड भरून स्तुती केली तेच हे दोघे. दसवंत पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, भिंतींवर चित्रे काढत फिरणारा. अकबराची नजर पडली आणि त्याला अब्दुस्समदच्या हवाली केले गेले. पुढे त्याचे मन बिघडले आणि 1584 साली त्याने जीव दिला. बसावनबद्दल अबुल फझल लिहितो की पार्श्वभूमी, चेहऱ्याची रेघ, रंगांची वाटणी यांत त्याचा हात धरणारा नाही आणि काही रसिक त्याला दसवंताच्याही वर मानतात. असे दोन मोठे चित्रकार उमेदवारीच्या वयात एकाच पोथीवर काम करताना सापडणे, ही कुठल्याही अभ्यासकाला मोहात पाडणारी गोष्ट होती. चंद्र यांच्या मांडणीत हे सगळे चपखल बसले. जरा जास्तच चपखल.

खुजिस्ता पिंजऱ्यापाशी

पोथीत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. रात्र झाली, खुजिस्ता नटूनथटून पोपटाकडे आली, पिंजऱ्यासमोर थांबली. नवी रात्र सुरू होते ती बहुधा अशी, त्यामुळे चित्रकारांना हेच दृश्य कितीतरी वेळा काढावे लागले. एक घुमटीची छत्री, एक पिंजरा, एक पोपट, एक बाई. कंटाळवाणे काम खरे, पण आपल्यासाठी सोन्यासारखे, कारण विषय तोच राहतो आणि हात तेवढा बदलतो. पोथी पाहायला सुरुवात इथूनच करावी. पंचतंत्राच्या गंमतीदार गोष्टींनी आधी डोळे दिपवून घेऊ नयेत.

जुन्या वळणाच्या पानांवर खुजिस्ता एकचश्म असते, म्हणजे चेहरा पूर्ण बाजूने. डोळा मोठा, टोकदार. मागे एकाच रंगाचा सपाट पट्टा, बहुधा लाल, आणि त्या लालामुळे बाई कातरून चिकटवल्यासारखी ठसठशीत उठते. ओढणीचे टोक हवेत ताठ. वास्तूला खोली नाही. फरशी, भिंत, कनात हे सगळे नक्षीचे तुकडे, एकाशेजारी एक मांडलेले. या कलमाला छायेची गरजच पडत नाही, रेघ आणि रंगच सगळे काम करतात. हे कमअस्सल आहे असे समजू नका. आरण्यक पर्वाची पाने पाहिलेल्यांना ही शिस्त काय ताकदीची आहे ते माहीत आहे.

नव्या वळणाच्या पानांवर तीच बाई थोडी आपल्याकडे वळते. चेहरा तीन-चतुर्थांश, गालावर हलकी छटा, बाहीच्या चुण्यांत सावली. छत्रीला दोन बाजू दिसतात, म्हणजे आत शिरता येईल असे वाटते. मागे आकाश, झाडांचे घोस, एकावर एक चढत गेलेले खडक. बाईचे शरीर वजनदार, पाय जमिनीवर टेकलेले. इथे बसावनच्या वळणाचा एखादा तरुण हात दिसला की लगेच कळते. त्याला सपाट जागा सोसतच नाही, तो कुठेतरी गोलाई आणतोच.

आणि मग ती तिसऱ्या प्रकारची पाने. चेहरा नवा पण ओढणी जुनी. झाड गोलाईचे पण त्याच्यामागची भिंत सपाट. चंद्र यांना इथे शिकत असलेला चित्रकार दिसला, अर्धा रस्ता चाललेला.

1992 : थराखालचा थर

1992 साली जॉन सेयलर या अमेरिकी अभ्यासकाने एक दीर्घ लेख लिहिला. सेयलर मोगल पोथ्यांकडे चित्रे म्हणून जितके पाहतात, तितकेच वस्तू म्हणूनही पाहतात : हाशियातल्या, म्हणजे समासातल्या नोंदी, शिक्के, कागद, रंगांचे थर. त्यांनी तूतीनाम्याच्या चित्रांचा पृष्ठभाग बारकाईने तपासला आणि एक वेगळीच बाब पुढे मांडली. बऱ्याच पानांवर मोगल चित्राखाली आणखी एक चित्र आहे. ही पोथी अकबराच्या चित्रशाळेत कोऱ्या कागदावर सुरू झालीच नव्हती. ती मोगलपूर्व वळणाची, आधीच रंगवलेली पोथी होती. चित्रशाळेत आल्यावर तिच्यावर नवा रंग चढवला गेला : कुठे पूर्ण, कुठे नुसता चेहरा किंवा पार्श्वभूमी, आणि कुठे अजिबात नाही.

हे कसे कळते? या चित्रांचे रंग पारदर्शक नसतात. लाल हिंगूळ, पिवळी पेवडी, पांढरा सफेदा, निळा लाजवर्द हे खलून, डिंकात कालवून, एकावर एक थर देत लावतात, मध्ये पान उलटे ठेवून गुळगुळीत दगडाने घोटतात. त्यामुळे असा रंग खालचे सगळे झाकतो, पण खालच्या थराची जाडी लपवू शकत नाही. जुन्या लाल जमिनीवर हिरवी टेकडी चढवली की आधी काढलेल्या माणसाच्या कडेशी नवा रंग येऊन थांबतो आणि तिथे एक उठाव राहतो. वरचा थर झिजला किंवा पापुद्रा उडाला की खालून भलताच रंग डोकावतो. माणसाच्या आकाराभोवती नको तिथे झुडपे दाटलेली दिसली, तर ती काय झाकायला आलीत असा संशय घ्यावा. हे कौशल्य चित्रकाराला ठाऊक होते, आणि चित्रे साफ करणाऱ्या-जोडणाऱ्या माणसाला तर रोजचे आहे.

याचा परिणाम मोठा आहे. अर्धे जुने, अर्धे नवे चित्र म्हणजे मधल्या टप्प्यावरचा एक चित्रकार, हा अर्थ आता डळमळतो. त्याच चौकटीत दोन चित्रकार असू शकतात, आणि त्यांची कधी भेटही झालेली नसेल. पूर्ण जुन्या वळणाची पाने ही अकबराच्या नव्या भरतीतल्या चित्रकारांची पहिली कामे ठरत नाहीत. ती नुसती हात न लावलेली पाने. शिकण्याची जी पायरी-पायरीची गोष्ट 1976 च्या मांडणीला इतकी शोभा देत होती, तिच्या कितीतरी पायऱ्या काढून घ्याव्या लागतात.

मग उरले काय

काहींनी यावरून असा निष्कर्ष काढला की चंद्र चुकले आणि इराणी रोपाची जुनी गोष्टच बरोबर होती. मला हे घाईचे वाटते. खालचे चित्र मोगलपूर्व असले म्हणून वरचे चित्र इराणी ठरत नाही. वरचा हात बसावन, दसवंत यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा आहे, तो तहमास्पच्या दरबारातल्या चित्रांसारखा नाजूक, निरुंद नाही. तो घाईचा, जोरकस, अंगाने भरलेला आहे. हेच वळण पुढे हमझानाम्यात, म्हणजे अकबरासाठी रंगवलेल्या अमीर हमझाच्या साहसकथांत दिसते : कापडावर काढलेली सुमारे 1400 भव्य चित्रे, पंधरा वर्षांच्या आसपास चाललेले काम. ते काम कधी सुरू झाले यावर दोन मते आहेत, काही जण 1557-58 धरतात, काही 1562. त्यामुळे तूतीनामा हमझाच्या आधीचा की बरोबरीचा, हेही आपण कुठली तारीख मानतो त्यावर अवलंबून राहते. एका पोथीची तारीख दुसरीच्या तारखेवर टेकवायची आणि दुसरीची पहिलीवर, ही या क्षेत्रातली जुनी सवय आहे. ती सुटायला हवी.

माझ्या मते चंद्र यांची खरी अडचण तपशिलात नव्हती, प्रश्नात होती. त्यांना या पोथीतून मोगल चित्रकलेचा जन्मदाखला हवा होता. जन्मदाखल्यावर एक तारीख असते, एक जागा असते, आई-बापांची नावे असतात. तूतीनामा यातले काहीच सरळ देत नाही. तो दाखवतो ते एक काम : हाताशी असलेली पोथी घ्या, तिच्यातले चालेल ते ठेवा, बाकीचे बदला. आणि या नजरेने पाहिले तर जुन्या थराचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. मोगलपूर्व काळात कुणीतरी पोपटाच्या गोष्टींवर इतकी चित्रे काढवून घेतली होती. ती चित्रशाळेत पोहोचली आणि पुसून टाकण्याऐवजी दुरुस्त करण्याच्या योग्यतेची मानली गेली. 'परंपरा तुटली नाही' हे चंद्र यांचे म्हणणे अशा वेगळ्याच वाटेने खरे ठरते, फक्त तो धागा माणसांच्या हातांऐवजी कागदावर चालत आला.

दुरुस्तीची ही रीत मोगलांना परकी नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये 'तैमूरच्या घराण्यातले राजपुत्र' म्हणून ओळखले जाणारे कापडावरचे मोठे चित्र आहे. मूळ हुमायूनच्या काळातले, साधारण 1550 ते 1555 चे. जहांगीराच्या काळात त्यात घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांची माणसे घालण्यात आली. निझामी या फारसी कवीच्या 'खम्सा'ची, म्हणजे पाच काव्यांच्या संग्रहाची, 1595 ची प्रत अकबरासाठी बनली आणि जहांगीराने दौलत या चित्रकाराकडून तिच्या शेवटच्या पानावर दौलतचे स्वतःचे आणि लिपिकाराचे चित्र काढवून घेतले. पोथी ही दरबारात पूर्ण होऊन कपाटात बसणारी वस्तू नव्हती. ती वाचून दाखवली जाई, हातोहात फिरे, आणि पुढचा मालक तिच्यात आपली भर घाली. अकबर स्वतः वाचत नसे, पुस्तके वाचून घेई, आणि चित्रशाळेचे काम त्याच्यासमोर दर आठवड्याला मांडले जाई, असे अबुल फझल सांगतो. ज्याला मजकूर कानाने आणि चित्र डोळ्याने मिळते, अशा तरुण बादशहासाठी जुन्या वळणाची दोनशे चित्रे तशीच ठेवणे चालले नसते, हे समजण्यासारखे आहे.

यात आणखी एक व्यवहाराची बाजू मला दिसते, पण हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेले काही नाही. नव्या चित्रकाराला हमझासारख्या मोठ्या कापडावर एकदम कोण बसवील? वहीएवढ्या पानावर, आधीच रचना ठरलेल्या चित्रावर त्याचा हात बसवून पाहणे सोयीचे. माणसे कुठे उभी, छत्री कुठे, पोपट कुठे, हे जुन्या चित्रकाराने ठरवूनच ठेवलेय. चुकला तरी नुकसान एका छोट्या पानाचे. हे खरे असेल तर शिकाऊ चित्रकार या पोथीत आहेत हे चंद्र यांचे म्हणणे बरोबरच ठरते. ते शिकत होते, फक्त कोऱ्या कागदावर नाही.

डब्लिनची प्रत

अकबराच्याच चित्रशाळेत 1580 च्या सुमारास तूतीनाम्याची दुसरी सचित्र प्रत तयार झाली. तिचा मोठा भाग आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, काही पाने इतरत्र पांगली. तिथे क्लीव्हलंडचा धसमुसळेपणा नाही. चित्रकार एकमेकांच्या जवळ आलेत, रंग शांत झालेत, जागा मोकळी ठेवायला ते शिकलेत, खुजिस्ता पिंजऱ्याशी निवांत बोलते. पाहायला ही प्रत जास्त सुखाची. वाद घालायला मात्र तिच्यात फारसे काही सापडत नाही, आणि म्हणून तिच्यावर लिहिलेही तेवढे गेले नाही.

वीसेक वर्षांत त्याच दरबाराला तीच गोष्ट पुन्हा रंगवावीशी का वाटली? मला वाटते, पहिली प्रत बादशहाच्या मनासारखी कधी झालीच नव्हती. दुरुस्तीने जेवढे साधते तेवढेच तिच्यात साधले, आणि कितीतरी पाने अर्धवटच राहिली. नव्या प्रतीच्या वेळी चित्रशाळेकडे माणसे होती, सवड होती, आणि जुनी रचना न वापरण्याइतका आत्मविश्वास होता. क्लीव्हलंड संग्रहालयाने आपल्या संग्रहाची छायाचित्रे 2019 पासून सर्वांसाठी खुली केली आहेत. पाने मोठी करून पाहता येतात, तेव्हा दोन्ही मते बाजूला ठेवून आधी माणसांच्या कडा पाहाव्यात, मग चेहरे, आणि नावे सगळ्यात शेवटी.